नियम आधी, डाव मग

शारजाच्या अल नहदा भागात, रस्ता ओलांडला की जिथे दुबई लागते तिथे, एक उंच इमारत होती. तिच्यात केरळची, पंजाबची, इजिप्तची, फिलिपिन्सची आणि थोडी मराठी कुटुंबे राहत. उन्हाळ्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडून जाई, म्हणून मुलांचे खेळ घरात नाहीतर तळमजल्यावरच्या हॉलमध्ये चालत. त्या वर्षी सगळ्या मुलांना एकच वेड लागले होते, बेब्लेडचे.

बेब्लेड हा भोवराच. त्याला जाळी, म्हणजे दोरी, गुंडाळावी लागत नाही. तो लाँचरमध्ये बसवायचा, लाँचर झटक्याने ओढायचा आणि खोलगट स्टेडियममध्ये सोडायचा. जपानी मुले पूर्वी बेइगोमा नावाचे ओतीव लोखंडाचे छोटे भोवरे खेळत. पिंपावर जाड कापड ताणून त्याचे रिंगण करायचे, दोघांनी आपापले भोवरे एकदम सोडायचे, ज्याचा बाहेर उडेल तो हरला. त्याच खेळावरून १९९९ साली टकारा या जपानी कंपनीने बेब्लेड काढले. २०२३ साली त्याचा नवा अवतार आला, बेब्लेड एक्स. याच्या स्टेडियमच्या कडेला दातेरी पट्टी असते. भोवऱ्याच्या टोकाचे दाते तिच्यात अडकले की भोवरा एकदम वेग घेतो आणि बाणासारखा सुटतो.

खेळाचे गुण मुलांना तोंडपाठ होते. समोरच्याचा भोवरा आधी थांबला तर १ गुण. त्याचे भाग सुटून तो उकलला, म्हणजे बर्स्ट झाला, तर २. कडेच्या ओव्हर झोनमध्ये पडला तर २. त्याच कडेच्या मधल्या एक्स्ट्रीम झोनमध्ये उडाला तर ३. ज्याचे आधी ४ गुण होतील तो जिंकला.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी इमारतीतल्या मुलांची स्पर्धा ठरली. चौथ्या मजल्यावरच्या एका मराठी गृहस्थांनी पुढाकार घेतला. त्यांची अकरा वर्षांची मुलगीही खेळणार होती. त्यांनी गुणांचा तक्ता एका कागदावर छापला आणि हॉलच्या दारावर चिकटवला. पंचही तेच झाले. कागद लहान होता आणि खेळ सगळ्यांना येत होता, त्यामुळे कोणी काही विचारले नाही.

सकाळपासून डाव रंगले. संध्याकाळी अंतिम सामन्याला दोघे उरले : चौथ्या मजल्यावरची ती मुलगी आणि सातव्या मजल्यावरचा बारा वर्षांचा मुलगा. मुलाचे ३ गुण झाले, मुलीचे २. आता मुलाला एकच गुण हवा होता.

पंचांनी आकडे उलटे मोजले. तीन, दोन, एक, गो शूट! दोन्ही भोवरे स्टेडियममध्ये उतरले. मुलाने लाँचर सगळा जोर लावून ओढला होता. त्याचा भोवरा थेट कडेच्या पट्टीला लागला, दाते अडकले, आणि मुलीच्या भोवऱ्याला स्पर्शही न करता तो एक्स्ट्रीम झोनमध्ये जाऊन पडला.

मुलीने टाळी वाजवली. "तीन गुण! मी जिंकले!"

मुलगा म्हणाला, "तुझ्या भोवऱ्यानं माझ्या भोवऱ्याला हात तरी लावला का? गुण कसले? पुन्हा सोडायचा."

सगळे दाराकडे धावले. कागदावर समोरच्याचा भोवरा बाहेर घालवण्याचे गुण होते. कोणी न घालवता भोवरा आपणहून गेला तर काय, याबद्दल एक अक्षर नव्हते.

केरळच्या एका मुलाने डावाचे मोबाइलवर चित्रण केले होते. ते सावकाश लावून सगळ्यांनी पाहिले. भोवऱ्यांची टक्कर झाली नव्हती, हे स्वच्छ दिसले. काय घडले याबद्दल आता दोन मते राहिली नाहीत. जे घडले त्याचे काय धरायचे, एवढाच प्रश्न राहिला, आणि त्याचे उत्तर मोबाइलमध्ये नव्हते.

पंचांनी निकाल दिला, "टक्कर झाली नाही, गुण नाही. डाव पुन्हा."

मुलीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "बाबा, मी दुसऱ्या कुणाची मुलगी असते तर तू गुण दिले असतेस. लोक काय म्हणतील म्हणून तू माझे गुण कापलेस."

वडील गप्प झाले. मुलीच्या बोलण्यात तथ्य होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

मग कोणीतरी सुचवले की मुलांनीच हात वर करून ठरवावे. हात वर झाले, पण ते मोजण्याआधीच मुलगी म्हणाली, "सातव्या मजल्यावर मुलं जास्त आहेत." तेही खरे होते. ज्याचे मित्र जास्त त्याच्या बाजूला हात जास्त, यात खेळाचा काय संबंध?

मुलाच्या आईने मोबाइलवर नियम शोधायला घेतले. तिथेही घोटाळा होता. हाच खेळ जपानमध्ये टकारा, म्हणजे आताची टकारा टोमी, विकते, इतर बऱ्याच देशांत हॅस्ब्रो ही दुसरी कंपनी विकते, आणि दोघांच्या स्पर्धांचे नियम अगदी एकसारखे नाहीत. चाहत्यांच्या मंडळांचे आणखी वेगळे. इमारतीतल्या मुलांचे भोवरेही काही जपानी खोक्यातले, काही हॅस्ब्रोच्या खोक्यातले. मुलगी म्हणाली, "हे नियम वाचा," मुलगा म्हणाला, "ते नाही, हे वाचा." ज्याला जो सोयीचा तो नियम त्याने उचलला.

इमारतीचा नातूर, म्हणजे राखणदार, दारात उभा राहून सगळे पाहत होता. मुलांना त्याच्याबद्दल आदर होता. मुले त्याच्याकडे धावली. "काका, तुम्ही पाहिलंत ना? तुम्हीच सांगा."

नातूर म्हणाला, "काय झालं ते मी पाहिलं, ते सांगतो. पण काय व्हायला हवं हे मी कसं सांगू? ते तुम्ही खेळायच्या आधी ठरवायला हवं होतं."

तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाकडे त्यांची आजी सांगलीहून आली होती. तिने शाळेत व्यायाम शिकवण्यात आयुष्य घालवले होते, तरुणपणी ती खो-खो खेळली होती आणि पुढे पुष्कळ वर्षे पंच म्हणून उभी राहिली होती. ती इतका वेळ मागच्या खुर्चीवर बसून होती. पंच झालेले गृहस्थ तिच्याकडे गेले. "काकू, माझा निकाल चुकला का?"

आजी म्हणाली, "तुम्ही निकाल कशावरून दिलात ते आधी सांगा."

"मला जे योग्य वाटलं त्यावरून."

"आणि मुलगी तुमची नसती तर हेच योग्य वाटलं असतं?"

गृहस्थांनी थोडा विचार केला. "नक्की सांगता येत नाही, काकू."

"मग तो निकाल नाही. पंच आपल्या माणसाकडे झुकला तर लोकांना लगेच दिसतं. आपल्या माणसावर अन्याय करून तो सरळ दिसायला बघतो, तेही झुकणंच, फक्त उलट्या बाजूला. नियम लिहिलेला असता तर तुम्हाला कुणीकडेच झुकावं लागलं नसतं. तुम्हीही सुटला असता आणि पोरगीही."

मुले आजीभोवती जमली. ती म्हणाली, "आमच्याकडे हुतूतू तीन तऱ्हांनी खेळायचे. संजीवनीत बाद झालेला गडी परत आत येऊ शकायचा. गामिनीत बाद झाला की तो बाहेरच बसायचा. अमरमध्ये गडी बाद होऊनही खेळत राहायचा, फक्त समोरच्यांना गुण मिळायचा. तिन्ही खेळ चांगले. एका गावात एकच तऱ्हा असली तर भांडण नाही. पण संजीवनीवाले आणि गामिनीवाले आधी न बोलता मैदानात उतरले तर पहिला गडी बाद झाला की ओरडा सुरू. दोघेही प्रामाणिक, दोघांनाही वाटायचं की समोरचा लबाडी करतोय. म्हणून तर जाणत्या लोकांनी नियम कागदावर उतरवले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ साली खो-खोचे नियम लिहिले. त्यानंतर सांगलीचा संघ पुण्यात जाऊन खेळू शकला आणि मुंबईचा साताऱ्यात. नियम लिहिला म्हणून खेळ गावाबाहेर पडला."

मुलगा म्हणाला, "पण आजी, नियम लिहिलेला असूनही भांडणं होतात. २०१९ च्या वर्ल्ड कपचं काय?"

"बरी आठवण केलीस," आजी म्हणाली. "ती गोष्ट तुम्हा मुलांनी लक्षात ठेवायलाच हवी. क्रिकेटची आयसीसी लंडन सोडून २००५ साली इथेच दुबईला आली. तिची कचेरी तुमच्या घरापासून गाडीनं फार लांब नाही. १४ जुलै २०१९ ला लॉर्ड्सवर अंतिम सामना झाला. इंग्लंड २४१, न्यूझीलंड २४१. सुपर ओव्हर झाली, तिथेही १५ आणि १५. मग ज्यांचे चौकार-षटकार जास्त ते विजेते. इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७. पुष्कळांना तो नियम पटला नाही. तरी न्यूझीलंडनं निकाल मानला. का मानला?"

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "कारण तो आधीपासून लिहिलेला होता."

"बरोबर. लिहिलेला नियम कडू लागला तरी त्या दिवशी तो गिळायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात आयसीसीनं नियम बदलला. विश्वचषकाच्या उपांत्य आणि अंतिम सामन्यात सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली तर कुणीतरी जिंकेपर्यंत पुन्हा पुन्हा सुपर ओव्हर खेळायची. पण झालेला सामना त्यांनी उलटवला नाही. नियम पुढच्यासाठी बदलला, मागच्यासाठी नाही."

"मग आमचं काय?" मुलाने विचारले.

"तुमचं वेगळं आहे. तिथे नियम होता, लोकांना तो आवडला नाही. इथे नियमच नाही. जो नियम नव्हता त्यावर कुणाला तीन गुण देता येत नाहीत, आणि कुणाचे काढूनही घेता येत नाहीत. आता तुम्ही दोघं इकडे या."

आजीने दोघांना एकेक कोरा कागद दिला. एकाला हॉलच्या या कोपऱ्यात बसवले, एकीला त्या. मग ती म्हणाली, "झालेला डाव विसरा. तो कुणाच्याच नावावर नाही. पुढच्या डावात आपणहून बाहेर जाणारा भोवरा तुझाही असू शकेल किंवा तिचाही असू शकेल. कुणाचा, हे देवालाच ठाऊक. असं धरून नियम लिहा. एकमेकांचं बघायचं नाही."

मुलगा लिहायला बसला. आधी त्याने लिहिले की गुण नाही, पुन्हा डाव. मग तो थांबला. असा नियम असला तर कोणीही वाटेल तसा जोर लावून भोवरा सोडील. लागला तर जिंकला, उडाला तर पुन्हा संधी. सांभाळून सोडणाऱ्याने मग सांभाळायचे कशासाठी? त्याने ती ओळ खोडली.

मुलीने आधी लिहिले की तीन गुण. तीही थांबली. समोरच्याने काहीच केले नाही, त्याचा भोवरा नुसता मध्यावर फिरत राहिला, आणि त्याला सगळ्यात मोठे गुण द्यायचे? नेम धरून, टक्कर देऊन भोवरा उडवणाऱ्याला जेवढे, तेवढेच यालाही? तिनेही ती ओळ खोडली.

आजीने दोन्ही कागद घेऊन मोठ्याने वाचले. मुलाने लिहिले होते, "टक्कर न होता भोवरा बाहेर गेला तर समोरच्याला १ गुण." मुलीने लिहिले होते, "भोवरा स्वतःहून बाहेर पडला तर त्याची चूक, म्हणून दुसऱ्याला १ गुण, पण ३ नाही."

हॉलमध्ये एकदम गलका झाला. अर्ध्या तासापूर्वी जे दोघे एकमेकांचे तोंड पाहायला तयार नव्हते, त्यांनी एकमेकांशी न बोलता एकच नियम लिहिला होता.

आजी म्हणाली, "मघाशी तुम्ही नियम शोधत नव्हता, जिंकायचा रस्ता शोधत होता. आता कुणाचा फायदा होणार हे माहीत नाही, म्हणून डोकं खेळाकडे वळलं."

तो नियम दारावरच्या कागदावर मुलीनेच लिहिला, कारण तिचे अक्षर चांगले होते. खाली दोघांनी सह्या केल्या. पंचांनी विचारले, "काकू, हा नियम आधीच्या डावाला लावायचा का? मग ३-३ होईल."

"नाही. तो डाव या नियमाखाली खेळला गेला नाही. तो पुसून टाका. गुण ३ आणि २. आणि आता पंच म्हणून तुम्ही बिनघोर उभे राहा. तुमची मुलगी असो की शेजाऱ्याचा मुलगा, कागदावर बोट ठेवा आणि बोला."

दोघे पुन्हा स्टेडियमपाशी आले. तीन, दोन, एक, गो शूट! या वेळी मुलाने बेताने ओढले. मुलगी मागे होती, तिला गुण हवे होते, तिने सगळी ताकद लावली. तिचा भोवरा उतरला तोच कडेकडे झेपावला, पट्टीचे दाते त्याला लागले, आणि मुलाच्या भोवऱ्याच्या बोटभर अंतरावरून निसटून तो एक्स्ट्रीम झोनमध्ये पडला. टक्कर झाली नाही.

कोणीच बोलेना. पंच म्हणजे तिचे वडील. त्यांनी मुलीकडे पाहिले नाही. ते दाराशी गेले, कागदावर बोट ठेवले आणि म्हणाले, "टक्कर नाही, भोवरा आपणहून बाहेर. सातव्या मजल्याला १ गुण. एकूण ४. सामना संपला."

सगळे मुलीकडे पाहत होते. ती रडेल, असे पुष्कळांना वाटले. तिने भोवरा उचलला, मुलापाशी गेली आणि हात पुढे केला. "नियम मीच लिहिलाय. तू जिंकलास."

मुलाने हात मिळवला. तो म्हणाला, "मघाशी हात वर करून मी जिंकलो असतो, तर तू आयुष्यभर म्हणाली असतीस की मी चोरून जिंकलो. मलाही तसंच वाटत राहिलं असतं."

मग तो पंचांकडे वळला. "काका, आणखी पुष्कळ गोष्टी कागदावर नाहीत. दोन्ही भोवरे एकदम थांबले तर? एक थांबला आणि दुसरा आडवा पडून लोळत राहिला तर तो फिरतोय म्हणायचं का? लाँच करताना हात स्टेडियमला लागला तर? 'गो' म्हणायच्या आधीच सोडला तर?"

आजी खूश झाली. "हे प्रश्न आत्ता विचारायचे, जेव्हा कुणाचाच डाव लागलेला नाही."

त्या संध्याकाळी मुले घरी गेलीच नाहीत. जमिनीवर बसून त्यांनी एकेक प्रश्न सोडवला. भोवरे एकदम थांबले तर गुण नाही, डाव पुन्हा. भोवरा आडवा होऊन गोल लोळत असला तरी स्वतःभोवती फिरत असेल तोवर जिवंत. आधी सोडणाऱ्याला एकदा समज, दुसऱ्यांदा समोरच्याला १ गुण. इजिप्तच्या मुलाने नियम अरबीत उतरवले. लिहिता लिहिता त्याने सांगितले की अरब मुलांचाही दोरीने फिरवायचा लाकडी भोवरा असतो, त्याला दव्वामा म्हणतात. मराठी मुलांनी त्याला जाळी म्हणजे दोरी आणि आर म्हणजे भोवऱ्याचा खिळा, असे सांगितले. केरळच्या मुलाने नियम इंग्रजीत टाइप केले. जपानी खोक्यातले भोवरे आणि हॅस्ब्रोच्या खोक्यातले भोवरे एकाच स्पर्धेत चालतील की नाही, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. शेवटी ठरले की चालतील, पण कोणता भोवरा आणला आहे ते खेळण्याआधी पंचांना दाखवायचे.

सगळे लिहून झाल्यावर आजीने विचारले, "आता सगळं आलं?"

मुले म्हणाली, "आलं."

"नाही आलं. कितीही लिहिलंत तरी एक दिवस असं काहीतरी घडेल जे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यासाठी शेवटी एक नियम हवा."

मुलगी पेन घेऊन बसली. आजीने सांगितले आणि तिने लिहिले : "या कागदात नसलेली गोष्ट घडली तर डाव थांबवावा. त्या डावाचे गुण कोणालाही नाहीत. आधी नियम लिहावा, मग डाव पुन्हा खेळावा. ज्याच्या घरचे मूल खेळत असेल त्याने त्या सामन्याचा पंच होऊ नये."

शेवटचे वाक्य लिहिताना तिने वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, "लिही, लिही. ते माझ्यासाठीच आहे."

पुढच्या स्पर्धेला पंच म्हणून केरळच्या मुलाची आई उभी राहिली. तिने पहिला डाव सुरू होण्याआधी सगळ्या मुलांना बसवून नियम मोठ्याने वाचून दाखवले आणि विचारले, "कुणाला काही विचारायचंय?" दोन हात वर झाले. दोघांना उत्तरे मिळाली, त्यातले एक उत्तर कागदावर नव्याने लिहिले गेले, आणि मगच पहिला भोवरा सुटला. त्या दिवशीही मुले हरली, हळहळली, एकदोघे रडलीही. पण हरलेल्या एकाही मुलाने आपल्यावर अन्याय झाला असे म्हटले नाही.

तात्पर्य : नियम डावाआधी, सगळ्यांसमोर आणि आपण हरणार की जिंकणार हे ठाऊक नसताना ठरवावा. लिहिलेला नियम कठोर वाटला तरी त्या दिवशी पाळावा आणि बदल पुढच्या डावापासून करावा. जिथे नियमच नाही तिथे कोणी गुण मागू नये. आधी नियम करावा, मग पुन्हा खेळावे. ज्या नियमाने हरणाराही 'बरोबर आहे' म्हणून हात पुढे करतो, तोच न्यायाचा नियम.